वाकड्यातिकड्या स्विमिंग पूलवर सेफ्टी कव्हर बसवताना

आमच्या घरात तीन पिढ्या कापडाला रिंगा ठोकण्यात गेल्या. आजोबा तळेगावला ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचे, अण्णांनी मंडपाचं काम धरलं आणि मी गेली अठरा वर्षं लोणावळा, पवना, अलिबाग या पट्ट्यातल्या बंगल्यांच्या स्विमिंग पूलवर सेफ्टी कव्हर बसवतो. पूल सरळ चौकोनी असला तर मला सहसा कुणी बोलावत नाही. मला फोन येतो तो आर्किटेक्टने हात सैल सोडून काढलेल्या पूलसाठी. किडनी, भुईमुगाची शेंग, रायवळ आंबा. नागावला एक होता तो हुबेहूब फणसाच्या गऱ्यासारखा, आणि वर एका टोकाला धबधब्याचे दगड रचलेले.

असलं एक काम सुरुवातीला मीच बिघडवलं होतं, ते आधी सांगून टाकतो. तुंगार्लीत किडनीच्या आकाराचा पूल होता. मी त्यावर मोठा आयताकृती तुकडा टाकला, मंडपवाल्याच्या सवयीने कडेला रिंगा मारल्या, नायलॉनची दोरी ओवली आणि डेकमध्ये, म्हणजे पूलभोवतीच्या फरशीत, हुक ठोकून बांधून टाकलं. वरून बघायला झकास. आठ दिवसांनी रखवालदार काकांचा फोन आला, "अहो, तुमच्या जाळीखाली कुत्रं पोहतंय." काकांनी दोरी कापून त्याला बाहेर काढलं, कुत्रं वाचलं. मी पोचलो तेव्हा ते जिन्याखाली थरथरत बसलं होतं. किडनीची जी कंबर असते, म्हणजे आत गेलेली बाजू, तिथे कापडाला घड्या पडल्या होत्या आणि एका घडीखाली फट होती. त्या फटीतून माझा हात खांद्यापर्यंत आत गेला. त्या घरात चार वर्षांची मुलगी होती.

त्यानंतर मी दोरी सोडली आणि माप शिकलो. पुढचं सगळं त्या मापाभोवतीच फिरतं, म्हणून कुणाकडून कव्हर बसवून घेणार असाल तरी हे वाचून ठेवा. समोरचा माणूस टेप कशी धरतो यावरून तुम्हाला बरंच कळेल.

आधी, काय सेफ्टी कव्हर नव्हे

हिरवी शेडनेट हे सेफ्टी कव्हर नव्हे. ती भाजीच्या वाफ्यावर ठीक. निळं बबलवालं कव्हर, जे पाणी उबदार ठेवायला नुसतं तरंगत ठेवतात, ते तर सगळ्यात वाईट. मूल त्यावर पाय टाकतं, ते खाली जातं आणि मुलाभोवती गुंडाळतं; वरून बघणाऱ्याला काही दिसतही नाही. ताडपत्रीबद्दल आमच्या खानदानी प्रेमापोटी मी काही बोलणार नव्हतो, पण हिशोब बघा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, म्हणजे एक किलो. साठ चौरस मीटरच्या ताडपत्रीवर १०० मिलिमीटर पडला की ६००० लिटर, सहा टन. लोणावळ्यात जुलैमध्ये एका दिवसात १०० मिलिमीटर म्हणजे कुणी वर मानही करत नाही. ताडपत्री मध्ये झोळीसारखी लोंबते आणि पूलच्या डोक्यावर दुसरा पूल तयार होतो. रांगत्या मुलाला बुडायला वीतभर पाणीही लागत नाही.

म्हणून घाटमाथ्यावर आणि कोकणात मी जाळीचंच कव्हर देतो, विणलेल्या पॉलिप्रॉपिलिनचं. पाणी खाली झिरपतं, माणूस वर राहतो. विकत घेताना एकच गोष्ट विचारा: एएसटीएम एफ १३४६ या अमेरिकन मानकाचं लेबल आहे का? त्यातली मुख्य अट मला पाठ आहे, कारण गिऱ्हाइकाला ती सांगितली की पुढची घासाघीस थांबते. आठ फुटांपेक्षा रुंद पूलवरच्या कव्हरने ४८५ पौंड, म्हणजे साधारण २२० किलो पेललं पाहिजे. दोन मोठी माणसं आणि एक मूल, असा त्याचा अर्थ. मूल पडलं आणि आईबाप दोघंही त्याच्यामागे धावत कव्हरवर गेले, तरी तिघंही वर राहिले पाहिजेत. शिवाय कव्हरवर पाणी साचून राहता कामा नये आणि कडेच्या फटीतून मूल आत जाता कामा नये. फ्रान्समध्ये तर ३ जानेवारी २००३ च्या कायद्याने जमिनीत बांधलेल्या खासगी पूलला कुंपण, अलार्म, कव्हर किंवा छप्पर यांपैकी एक तरी सक्तीचं केलंय. तिथल्या कव्हरच्या मानकाचा नंबर एनएफ पी ९०-३०८. आपल्याकडे परदेशी माल येतो तेव्हा या दोन नंबरांपैकी एक त्यावर दिसतो.

बटण दाबलं की सरकणारं कव्हर हवं असं पुष्कळ जण म्हणतात. त्याला दोन समांतर रूळ लागतात. फणसाच्या गऱ्याला समांतर बाजू कुठून आणायच्या? डेकवर पूलच्या बाहेरून मोठा चौकोन धरून रूळ टाकता येतात, पण मग अर्धा डेक त्यातच जातो. वाकड्या पूलला खरा उपाय म्हणजे कव्हरवर शिवलेले पट्टे, त्यांच्या टोकाच्या स्प्रिंगा आणि त्या अडकवायला डेकमध्ये पुरलेले पितळी अँकर, म्हणजे खुंट्या.

माप: शाळेतला कंपास आठवा

वाकड्या आकाराची लांबी-रुंदी घेऊन काहीही उपयोग नाही. आपल्याला त्या कडेवरच्या प्रत्येक बिंदूची जागा हवी. तिची युक्ती सातवी-आठवीच्या भूमितीत आहे: त्रिकोणाच्या तीन बाजू कळल्या की त्रिकोण ठरला. डेकवर दोन खुणा करायच्या, अ आणि ब. त्या दोन्हींपासून कडेवरच्या बिंदूचं अंतर मोजायचं. कागदावर अ वर कंपास ठेवून एक कंस, ब वर ठेवून दुसरा कंस; दोन्ही जिथे छेदतात तो आपला बिंदू.

अ-ब रेषा पूलच्या लांब बाजूला, पूलच्या एकाच अंगाला घ्या, आणि लांबी पूलच्या निम्म्याहून थोडी जास्त ठेवा. साडेदहा मीटरच्या पूलला मी सहा मीटर घेतो. कडेपासून ती दीड मीटर तरी लांब असू दे. हे मी का सांगतो? समजा एखादा बिंदू अ-ब च्या मधोमध, पण रेषेपासून फक्त अर्ध्या मीटरवर आहे. तुमची टेप दोन्हीकडे एकेक सेंटिमीटर जास्त वाचली, तर कागदावर तो बिंदू जवळजवळ सहा सेंटिमीटर सरकतो. तोच बिंदू दीड मीटरवर असेल तर चूक दोन सेंटिमीटरच्या आसपास राहते. चपट्या त्रिकोणात छोटी चूक मोठी होते. जागा नसेल तर पूलच्या पलीकडच्या डेकवर रेषा टाका, पण टेप मारताना कधी या अंगाचा, कधी त्या अंगाचा बिंदू असं होऊ देऊ नका. सगळे बिंदू रेषेच्या एकाच बाजूला.

अ आणि ब ला मी काँक्रीटचा खिळा ठोकतो. खडूची खूण पहिल्या पाणी मारण्याबरोबर जाते, आणि माळी नेमका तेव्हाच पाणी मारायला येतो.

आता कडेवर नंबर टाका. सरळसोट भागात ६० सेंटिमीटरला एक, जिथे वळण घट्ट आहे तिथे ३० ला एक. साडेदहा मीटरच्या किडनीला माझे साधारण पन्नास-पंचावन्न बिंदू होतात. खडूने नाही, मास्किंग टेपच्या तुकड्यांवर पेनने नंबर लिहा आणि चिकटवा. बिंदू कुठला धरायचा हे एकदा ठरवा: कोपिंगची, म्हणजे पूलच्या काठावर बसवलेल्या दगडी किनारीची, पाण्याकडची धार. कोपिंग गोल घडवलेलं असेल तर ओळंबा सोडा आणि जिथे दगड पाण्यावर सगळ्यात पुढे येतो ती जागा धरा. अर्धे बिंदू आतल्या धारेचे आणि अर्धे बाहेरच्या धारेचे, अशी मापं मी दुसऱ्यांनी घेतलेली पाहिली आहेत. त्यातून जे शिवून येतं ते कुठल्याच पूलला बसत नाही.

टेप स्टीलची घ्या. कापडी फायबर टेप ओढली की ताणते. आठ मीटरवर टेप मध्ये झोल खाते, म्हणून दोन्ही टोकांना माणूस पाहिजे आणि दोघांनी सारखी ओढली पाहिजे. डेकला पायरी असेल, म्हणजे अ वर आणि कड खाली, तर टेप आडवी धरून ओळंब्याने बिंदू खाली उतरवा. तिरकी टेप नेहमी जास्त मोजते.

सगळ्यात महाग पडलेली चूक सांगतो. आवासला काम होतं. पोरगा पलीकडून ओरडला, "सात बेचाळीस!" वारा होता, मी लिहिलं ७.२४. तुम्हीच दोनदा मोठ्याने म्हणून बघा, बेचाळीस आणि चोवीस. लांबून सारखेच ऐकू येतात. ब पासूनचं अंतर ४.८८ बरोबर होतं. पण अ च्या या एका आकड्याने बिंदू २२ सेंटिमीटर सरकला. कव्हर शिवून आलं, अंथरलं, आणि एका खांद्याला कडेवर चार बोटं कापड उरलं. ते कव्हर अजून माझ्या गोडाऊनमध्ये आहे, पावसाळ्यात बाइकवर टाकतो. तेव्हापासून आमच्याकडे आकडे सुटे ओरडायचे: "सात, चार, दोन." आणि लिहिणाऱ्याने परत म्हणून दाखवायचं.

बिंदू झाले की पडताळा घ्या. कुठलेही दोन लांबचे बिंदू, समजा ३ आणि ३१, यांच्यातलं अंतर पाण्यावरून सरळ मोजा. असे पाच-सहा आडवेतिडवे घ्या. घरी जाऊन कागदावर आखल्यावर तीच अंतरं जुळली पाहिजेत. मी अजूनही पहिला नकाशा ब्राउन पेपरवर, १:२० प्रमाणात, मोठ्या कंपासने काढतो. एक मीटरला पाच सेंटिमीटर, ७.४२ मीटर म्हणजे ३७.१ सेंटिमीटर. संगणकावर काढणं जलद आहे, पण कागदावर चुकलेला बिंदू डोळ्याला लगेच खुपतो. गुळगुळीत वळणात मध्येच एक दात दिसला की समजायचं, तो आकडा परत मोजायचा.

मध्ये नारळाचं झाड किंवा दगड आला आणि टेप सरळ जात नसेल, तर क-ड अशी दुसरी जोडी घ्या. मात्र क आणि ड सुद्धा अ-ब पासून मोजलेले असले पाहिजेत, नाहीतर दोन तुकडे दोन नकाशांवर राहतात. नकाशावर बाकीचंही टाका: शिडी, हँडरेल, स्किमरची (पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडांची) झाकणं, दिव्याची पाइप कुठून गेली आहे, डेक कुठे कोबा आहे, कुठे कोटा, कुठे जांभा, कुठे लॉन.

पोट आणि कंबर

कव्हर कडेच्या बाहेर किती यायला हवं? चौकोनी पूलला ३० सेंटिमीटर पुरतं. वाकड्याला मी ४० ते ४५ धरतो. त्याच्या पुढे पट्टा आणि स्प्रिंग, मग अँकर. म्हणजे कडेपासून साधारण एक मीटर डेक लागतो. पट्ट्यांची चौकट, म्हणजे दोन पट्ट्यांमधलं अंतर, ९० सेंटिमीटरची ठेवा. दीड मीटरची स्वस्त पडते, पण ती चौकोनी पूलसाठी.

अण्णा मंडपाचं कापड कापताना कड सरळ कापायचे नाहीत, दोन खांबांच्या मध्ये थोडी आत खोलगट कापायचे. मला लहानपणी वाटायचं कापड वाचवतात. खरं कारण असं की ताणलेल्या कापडाची कड आपोआप आत खेचली जाते; तशीच कापली तर ती तंग राहते, सरळ किंवा बाहेर फुगीर कापली तर ढिली पडून फडफडते. पूलच्या कव्हरला नेमकं हेच नडतं. पूलच्या पोटाकडे, म्हणजे बाहेर फुगलेल्या बाजूला, कड फुगीर असते. दोन पट्ट्यांच्या मध्ये ती सरळ रेषेत येऊ बघते आणि पाण्याकडे सरकते. दीड मीटर त्रिज्येचं वळण घ्या. पट्टे ९० सेंटिमीटरवर असतील तर मधोमध कड सात सेंटिमीटर आत येते. तेच दीड मीटरवर ठेवले तर वीस. ४० पैकी २० गेले की उरले २०, आणि त्यावर कुणी पाय दिला की आणखी कमी. म्हणून घट्ट वळणावर अँकर जवळजवळ, ६० सेंटिमीटरवर सुद्धा.

कंबरेचा त्रास वेगळा. तिथे कड खोलगट आहे, तेव्हा ती तशी तंग राहते. पण रुंदीचे पट्टे समांतर जातात आणि कंबरेच्या दोन्ही उतारांवर ते कडेला तिरके भेटतात. तिरका ताण कापडाला कडेच्या बाजूबाजूने घसरवतो, त्यातून घडी, घडीतून फट, फटीतून तुंगार्लीचं कुत्रं. उपाय म्हणजे त्या उतारांवर आखूड जादा पट्टे शिवून घ्यायचे, कडेला काटकोनात ओढणारे. शिवणाऱ्याला नकाशावर ते लाल पेनने काढून द्या; तो स्वतःहून देत नाही. कंबर अगदी उथळ असेल, हातभर खोल, तर मी कव्हरला कंबर ठेवतच नाही. ती जागा सरळ पुलासारखी ओलांडून कापड डेकवर टाकतो.

लांबीचे पट्टे कंबरेपाशी डेकच्या टोकावरून घासत जातात. तिथे कापडाच्या खालून जाड पट्टी शिवून घ्या. खरबरीत ग्रॅनाइटची धार असेल तर सगळ्या कोपिंगवरच. नाहीतर दोन पावसाळ्यांत शिवण उसवते.

धबधब्याचे दगड असतील तिथे कव्हर दगडाच्या आकारात कापायचं, कडेला स्टीलच्या वायरचा दोर ओवायचा आणि दगडात बसवलेल्या आयबोल्टमधून (डोक्याला कडी असलेल्या बोल्टमधून) ३०-३० सेंटिमीटरवर तो अडकवायचा, शेवटी टर्नबकलने, म्हणजे फिरवून ताणायच्या पेचाने, ताणायचा. हे लिहायला एक वाक्य लागलं, करायला दीड दिवस लागतो. आणि दगड नुसते सिमेंटमध्ये टेकवलेले असतील, हाताने हलत असतील, तर त्यात बोल्ट मारू नका. इन्फिनिटी कडेला, जिथून पाणी पलीकडे सांडतं आणि डेकच नसतो, तिथे मी सरळ नाही म्हणतो आणि चार फुटी कुंपण सुचवतो, आपोआप बंद होणाऱ्या दारासकट. काम गेलं तर गेलं.

भोकं

कव्हर येईपर्यंत एकही भोक पाडायचं नाही. आलं की पूलवर अंथरा, चारी बाजूंनी माणसं उभी करा, वाळूच्या पिशव्या ठेवून ते जागेवर आणा, कडा सगळीकडे सारख्या झाल्या की मग पट्टे डेकवर सरळ सोडा आणि अँकरच्या खुणा करा. खूण नेहमी पट्ट्याच्या रेषेत. स्प्रिंग निम्मी दाबली जाईल इतकं अंतर धरा: पूर्ण दाबली तर धक्का खायला जागा उरत नाही, नुसती लोंबकळली तर कव्हर झोळी.

माझ्याकडच्या पितळी अँकरला पाऊण इंची, म्हणजे १९ मिलिमीटरचं भोक लागतं आणि साधारण ५७ मिलिमीटर खोली. पेटीवर लिहिलेलं वाचा, माझं नको. कोबा किंवा काँक्रीट असेल तर रोटरी हॅमरने सरळ मारा. कोटा किंवा ग्रॅनाइट असेल तर थांबा. फरशी २०-२५ मिलिमीटरची, खाली मसाल्याचा थर, त्याखाली काँक्रीट. फरशीवर हॅमर लावला की ती फुटते आणि मालक तुमच्याकडे बघत राहतात. आधी पाणी सोडत कोअर बिटने (पोकळ, गोल कापणाऱ्या बिटने) फरशीत भोक घ्या, हॅमर बंद ठेवून. मग खाली हॅमर चालू. अँकरची पकड काँक्रीटमध्ये बसली पाहिजे. फरशी आणि मसाल्यात बसलेला अँकर पहिल्या जोराच्या ओढीला फरशीसकट वर येतो. तेवढा लांब अँकर नसेल तर लांब घ्या. फरशीच्या सांध्यापासून आणि डेकच्या टोकापासून चार इंच तरी दूर राहा.

अलिबागकडे डेक जांभ्याचा. जांभा दिसायला दगड, पण सच्छिद्र आणि मऊ. अँकर त्यात महिनाभर राहतो आणि मग बोटाने फिरतो. तिथे चिरा काढून ३० बाय ३० चा, ४५ सेंटिमीटर खोल खड्डा घ्या, १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) चं काँक्रीट भरा, सात दिवस पाणी मारा, मग त्यात अँकर. लॉनमध्येही हेच. पेव्हर ब्लॉक असतील तर हाच पाया ब्लॉकखाली. सात दिवस थांबायला कुणालाच आवडत नाही, "उद्या पाहुणे येताहेत" हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलंय. पाहुण्यांना येऊ द्या, लहान मुलांवर एक माणूस नेमा, पण ओल्या काँक्रीटला स्प्रिंग लावू नका.

मशीन ज्या बोर्डावर लावाल तिथे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, ते टेस्ट बटण दाबून स्वतः बघा. ओला डेक, हातात मशीन, खालून दिव्याची केबल. इथे मी कुणाचं ऐकत नाही. भोक झालं की ब्लोअरने भुकटी काढा. भुकटी राहिली तर अँकर पूर्ण खाली जात नाही आणि उन्हाळ्यात अनवाणी पायांना ठेच लागते. नीट बसलेला अँकर अ‍ॅलन कीने खाली फिरवला की फरशीच्या पातळीत जातो.

समुद्राजवळ स्प्रिंगा ३१६ ग्रेडच्या स्टीलच्या घ्या. ३०४ चालतात असं दुकानदार म्हणतो. किहीमला खाऱ्या वाऱ्यात त्यांच्यावर लवकरच तांबूस डाग उठतात.

ताण आणि नारळ

पट्टे एका बाजूने सुरू करून क्रमाने लावत गेलात तर कव्हर तिकडेच सरकतं. आधी लांबीचा मधला पट्टा, दोन्ही टोकं. मग रुंदीचा मधला. मग समोरासमोर, एक इकडे एक तिकडे, सगळे ढिले अडकवून घ्यायचे. शेवटचा अडकला की मगच एकेक बकल ओढायची. कंबर सर्वांत शेवटी. स्प्रिंग अँकरवर चढवायला एक लांब स्टीलचा दांडा येतो, त्यानेच चढवा. हाताने ओढायला जाऊ नका, सुटलेली स्प्रिंग नडगीवर बसते.

मग मी गाडीतून नारळ काढतो, सोललेला. पूलच्या कडेने चालत जातो आणि दर दोन पावलांवर कव्हरची कड उचलून नारळ आत ढकलून बघतो. जिथे तो पाण्याकडे जाऊ बघतो तिथे लहान मुलाचं डोकंही जाऊ बघणार. पोटाच्या वळणावर आणि कंबरेच्या दोन्ही उतारांवर दोन-दोनदा. नापास झालं की पट्टा किंवा अँकर वाढवायचा. नुसतं जास्त ओढून तात्पुरतं पास करायचं नाही. नंतर २५ किलोच्या वाळूच्या दोन पिशव्या कडेपासून हातभर आत ठेवून तीच फेरी परत. ४८५ पौंडांची परीक्षा कारखान्याने केलेली असते, ती जागेवर माणसं उभी करून करण्याचा शहाणपणा दाखवू नका. आणि पोरांना त्यावर उड्या मारू देऊ नका. सेफ्टी कव्हर म्हणजे ट्रॅम्पोलिन नव्हे, हे मला एका आजोबांना समजवावं लागलंय. उड्या नातू नाही, तेच मारत होते.

पाणी किती ठेवायचं? कव्हर खाली वाकलं की पाण्याने त्याला आधार द्यायचा असतो, त्यामुळे पूल रिकामा करून कव्हर कधीच घालू नका. मी पावसाळ्याआधी कोपिंगपासून ३० सेंटिमीटर खाली ठेवतो. जाळीतून पाऊस आत येणारच. १०० मिलिमीटर पडला की पाणीही तेवढंच चढतं, म्हणून ओव्हरफ्लोची पाइप आधी साफ करा. तिच्यात मला एकदा बेडकांचं अख्खं कुटुंब सापडलं होतं. पातळी स्किमरच्या खाली असताना पंप चालवायचा असेल तर स्किमरचा व्हॉल्व्ह बंद करून तळाच्या जाळीतून ओढा, नाहीतर पंप हवा खातो. आणि पाऊस नसताना पातळी आठवड्यात चार बोटं खाली गेली तर गळती शोधा. कव्हरचा आधार जातोय.

नवीन पट्टे पहिल्या महिन्यात थोडे ताणतात. तीन आठवड्यांनी परत येऊन बकल आवळून जायचं, हे मी बिलातच धरतो. मधल्या काळात घरच्यांनी आठवड्याला एक चक्कर मारावी, वाळलेली पानं लोटून काढावीत, स्प्रिंगांकडे नजर टाकावी.

काढताना अर्धवट काढून ठेवू नका. एक कोपरा मोकळा करून "आत्ता पोहून येतो" म्हणणं फार धोक्याचं. मूल त्या कोपऱ्यातून आत जातं आणि कापडाखाली सापडतं. पोहायचं तर पूर्ण काढा, झालं की पूर्ण घाला. मोठ्या किडनीच्या पूलला दोघं जण लागतात, वीस मिनिटं.

कव्हर काढल्यावर धुऊन, सावलीत वाळवून, पिशवीत भरून उंच टांगा. जमिनीवर ठेवलंत तर उंदीर. घडी घालताना अ बाजूचा पट्टा वर येईल असं घाला आणि त्यावर मार्करने मोठा "अ" लिहा. पुढच्या वर्षी फणसाच्या गऱ्याचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठली यावर वाद होत नाही. तो स्टीलचा दांडा आणि अ‍ॅलन की मात्र कव्हरसोबत ठेवू नका. मुलांच्या हाताला न लागेल अशा उंचीवर, रखवालदाराच्या खोलीत एक खिळा ठोकून तिथे अडकवा. तुंगार्लीच्या काकांनी तो खिळा दाराच्या मागे मारलाय, आणि खाली ते कुत्रं झोपतं.